अकरा टेंगळं

स्मारकाचा दगड किल्ल्यात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत डचेस वाल्पुर्गाला एकाही माणसानं विचारलं नव्हतं की बाई, तुमच्या थडग्यावर तुम्हाला काय हवंय. बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं. थोरल्या मुलाला वडिलांच्या पायाशी सिंह हवा होता, तो आला. दरबारच्या पाद्रींना सोशिक पत्नीची स्तुती करणारं बायबलातलं वचन हवं होतं, त्याची जागा आखून झाली. वाल्पुर्गा सोशिक आहे हे पाद्रींना कुठून कळलं, देव जाणे. आणि तिचे यजमान ड्यूक योआखिम यांना नाक हवं होतं. "आमच्या घराण्याचं नाक सगळ्या मुलांना आलं पाहिजे," असं त्यांनी शिल्पकाराला बजावलं, आणि त्या इमानी माणसानं अकराच्या अकरा पोरांना ते लांबडं, टोकाशी वाकलेलं नाक देऊन टाकलं. मुलींना टोपी एकच, गळ्याची झालर एकच, उंचीसुद्धा एकच, कारण रांग सरळ दिसली पाहिजे हाही ड्यूकचाच हट्ट. पोटच्या पोरी आईला ओळखू येत नव्हत्या.

"यातली माझी हेडविग कुठली?" तिनं एकदा विचारलं होतं.

"नावं खाली कोरायचीत, बाईसाहेब. मग कळेल," शिल्पकार बाल्टझार म्हणाला होता.

मांडणी सगळ्या चर्चमध्ये असते तीच होती. मध्ये क्रूसावरचा येशू, एका अंगाला ड्यूक, दुसऱ्या अंगाला ती, दोघं गुडघे टेकून समोरासमोर. त्यांच्या पाठीशी पाच मुलगे, हिच्या पाठीशी सहा मुली. जी मुलं देवाघरी गेली त्यांच्या डोक्यावर एक छोटा क्रूस कोरायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हे लेकरू आईबापांच्या आधी गेलं. पण बाल्टझारनं अजून एकही क्रूस कोरला नव्हता. त्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर अक्रोडाएवढा दगडाचा गोळा ठेवून दिला होता. अकराही पोरं एकाच झाडावरून पडली असावीत तशी दिसत होती. वाल्पुर्गानं त्या गोळ्यांना टेंगळं म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात सगळा किल्ला तेच म्हणू लागला.

"पोरांचं काही सांगता येत नाही, बाईसाहेब," बाल्टझारनं तेव्हाच खुलासा केला होता. "मागे एके ठिकाणी मी सगळं पुरं करून बसलो, आणि दगड भिंतीत चढवायच्या आठवड्यात धाकटा गेला. मग क्रूस वेगळा कोरून चिकटवला. दुसऱ्या हिवाळ्यात तो निखळला आणि ऐन प्रार्थनेत पाद्रींच्या टकलावर पडला. तेव्हापासून मी हे गोळे ठेवतो. शेवटच्या दिवसांत जो आहे त्याचा उडवायचा, जो नाही त्याचा क्रूस करायचा. मात्र एकदा उडवला की उडवला. दगड काही परत उगवत नाही."

आता ते शेवटचे दिवस आले होते. सेंट मायकेलच्या सणाला दगड गावातल्या चर्चमध्ये चढवायचा होता आणि सण दहा दिवसांवर होता. बाल्टझारनं जुन्या तबेल्यात आपलं काम मांडलं होतं. डचेस तिथं आली ती खरं तर सिंहाची आयाळ जरा कमी करता येईल का विचारायला. बाल्टझार कोळशानं गोळ्यांवर खुणा करत होता.

"बाईसाहेब, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "मी चार क्रूस धरले होते. दोन मुलगे, दोन मुली. सरकारांनी परवा पाच सांगितले."

"पाच कशाला? माझी चार गेली. मोजण्यात माझी चूक होईल असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही बाईसाहेब."

"मग?"

बाल्टझारनं कोळसा खिशात घातला आणि मग पुन्हा बाहेर काढला. "सरकार म्हणाले, तिसऱ्या मुलीच्या डोक्यावरही कर."

वाल्पुर्गा सिंह विसरली.

तिसरी मुलगी म्हणजे युडिथ. ती धडधाकट होती, एकतीस वर्षांची होती, आणि किल्ल्याच्या टेकडीखाली, खालच्या वेशीजवळ, नवऱ्याच्या औषधांच्या दुकानामागे राहत होती. तिला तीन पोरं होती. नऊ वर्षांपूर्वी तिनं आंब्रोस नावाच्या त्या औषधवाल्याशी लग्न केलं, आणि त्याला किल्ल्यात आणला होता खुद्द वाल्पुर्गानं. तिला अर्क काढायचा नाद होता. लव्हेंडर, रोझमेरी, जुनिपरची फळं, जे हाताला लागेल ते ती भट्टीवर चढवायची, आणि तिची नळी सारखी तुंबायची म्हणून तिनं आंब्रोसला शिकवायला बोलावलं. युडिथ गाळणी धरायला उभी असायची. वर्षभर तिनं गाळणी धरली आणि मग एका सकाळी दोघं शेजारच्या गावच्या पाद्रींकडून लग्न लावून आली.

त्या दिवसापासून ड्यूकनी तिचं नाव घेणं सोडलं. रविवारच्या प्रार्थनेत राजघराण्यातल्या सगळ्यांची नावं वाचतात, त्यातून तिचं नाव काढलं. तिला किल्ल्याचं दार बंद. आणि वाल्पुर्गा त्या वेळी काही बोलली नाही. तिला वाटलं, माणूस तापट आहे, ख्रिसमसपर्यंत निवळेल. नऊ ख्रिसमस झाले.

"क्रूस करू नका," ती बाल्टझारला म्हणाली.

"सरकारांचा हुकूम आहे, बाईसाहेब."

"आणि माझा?"

बाल्टझार चांगला माणूस होता. त्यानं मान खाली घातली आणि सिंहाच्या आयाळीकडे बघत राहिला. सरकारांच्या हुकमासमोर बाईसाहेबांच्या हुकमाला या राज्यात किती किंमत आहे हे त्याला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. उगाच विचारलं असं तिला झालं.

दुपारी तिची जुनी दासी उर्सेल गावातून परत आली. उर्सेल दर पंधरवड्याला खालच्या वेशीपर्यंत जायची, ड्यूकच्या पायाचं मलम आणायला. ड्यूकचे सांधे धरले होते, आणि दुसऱ्या कुठल्याही मलमानं त्यांना उतार पडत नसे. मातीची बरणी, तोंडाला कागद बांधलेला, कागदावर लिहिलेलं: सकाळ-संध्याकाळ, उजव्या पायाला, जास्त दाबू नये. उर्सेलनं बरणी टेबलावर ठेवली आणि शाल न काढताच उभी राहिली.

"बोल," वाल्पुर्गा म्हणाली. "तोंड एवढंसं का झालंय?"

"बाल्टझारला खानावळीत बोलायला कुणी सांगितलं होतं?" उर्सेल म्हणाली. "सगळ्या गावाला कळलंय. काल युडिथची लेना पोरांशी मारामारी करून घरी आली. सहा वर्षांची पोर, ओठ फुटलाय. पोरं म्हणाली, तुझी आई मेलेली आहे, किल्ल्यात तिच्या डोक्यावर क्रूस काढतायत."

वाल्पुर्गा खाली बसली. "युडिथ काय म्हणाली?"

"काय म्हणणार? मलम घोटत होती. मला वाटलं रडेल, ओरडेल. काही नाही. निघताना फक्त म्हणाली, आईला विचार खरंच कोरणार आहेत का. कोरणार असतील तर मला आधी कळव म्हणावं. त्या रविवारपासून मी पोरांना घेऊन पलीकडच्या गावच्या चर्चला जाईन. दर आठवड्याला त्यांनी ते बघत बसायला नको."

"एवढंच?"

"आणि म्हणाली, यावेळी मलमात कापूर कमी घातलाय. मागच्या खेपेला बाबांना झोंबलं असेल."

वाल्पुर्गाला कुणावर चिडावं ते कळेना. नवऱ्यावर चिडायचं तर होतंच, पण या पोरीनंही एखादी शिवी हासडायला काय हरकत होती? निदान आईला दोन शब्द सुनवायचे. इतकं समजूतदार व्हायला हिला कुणी शिकवलं? दगडावरच्या वचनातलं ते सोशिकपण आपल्याकडूनच गेलं असेल, असं मनात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी ड्यूक खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसले. त्यांच्या पायाला मलम चोळायचं काम वाल्पुर्गा नोकरांकडे देत नसे, कारण नोकरांवर ते ओरडत आणि ओरडून झाल्यावर त्यांचा पाय जास्त दुखे. तिनं बरणी उघडली.

"हळू," ड्यूक म्हणाले.

"अजून हात लावला नाही मी."

"लावशील तेव्हा हळू."

तिनं चोळायला सुरुवात केली. मग बरणीचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "हे मलम कुठून येतं हो?"

"खालच्या वेशीजवळ दुकान आहे ना, तिथून."

"करतं कोण?"

"दुकानदार करत असेल. मला काय ठाऊक."

"दुकानदाराचं अक्षर इतकं वळणदार कधीपासून झालं? या अक्षरासाठी तुम्ही स्वतः लाइपझिगहून मास्तर आणला होतात. 'ग'च्या शेपटीवरून त्याच्याशी भांडला होतात."

ड्यूक खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मेलेल्या मुलीच्या हातचं मलम पायाला चोळून घेता, काही वाटत नाही का तुम्हाला?"

ड्यूकनी थोडा विचार केला. "पायाला बरं वाटतं," ते म्हणाले.

सदतीस वर्षांच्या संसारात वाल्पुर्गानं या माणसाची बरीच उत्तरं ऐकली होती, पण या उत्तरावर तिचे हातच थांबले. वाद घालायचा तरी कसा? भिंतीशी बोललं तर भिंत निदान उलट बोलत नाही.

"नसेल ठेवायची तर ठेवू नका," ती म्हणाली. "काढून टाका पाहिजे तर. पण क्रूस नको. ती जिवंत आहे, आणि दर रविवारी त्याच दगडासमोर बसणार आहे."

"काढून कशी टाकणार? अकरा मुलं झाली हे सगळ्या दरबारांना ठाऊक आहे. अकरांच्या बारशांना लोक येऊन जेवून गेलेत. दहा दिसली तर विचारतील, अकरावं कुठं गेलं. क्रूस असला की कुणी काही विचारत नाही. माणसं मान हलवतात आणि पुढं जातात."

"म्हणजे लोकांनी विचारू नये म्हणून पोरगी मारायची."

"मी मारली नाही. ती गेली."

"टेकडी उतरून गेली हो. चालत जायला पाव तास लागतो."

"वाल्पुर्गा," ड्यूक म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज चढला, "तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. मी दार बंद केलं तेव्हा तू तिथंच उभी होतीस, या खुर्चीमागं. आता नऊ वर्षांनी तुला कंठ फुटला?"

 खरं होतं ते. तिनं त्यांच्या पायाला पट्टी बांधली, नेहमीपेक्षा घट्ट बांधली, आणि बरणी उचलून निघून गेली. रात्रभर तिला झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिअरचं गरम सूप समोर आलं ते तिनं तसंच ठेवलं. उर्सेलला म्हणाली, "चल." बाल्टझार छिन्न्यांना धार लावून घ्यायला लोहाराकडे जातो ती वेळ तिला ठाऊक होती. तबेल्यात कुणी नव्हतं. हातोडा आणि एक छिन्नी कोनाड्यात होती.

"बाईसाहेब, काय करताय?" उर्सेल म्हणाली.

"नऊ वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते. तू दाराशी उभी राहा."

तिनं दगडातल्या स्वतःच्या झग्यापासून मोजायला सुरुवात केली. आईला लागून थोरली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. त्या मुलखात मुली जेवायलाही अशाच बसत, चर्चमध्येही अशाच. हेडविग, सिबिला, युडिथ. तिनं तिसऱ्या टोपीवर छिन्नी टेकवली. पहिला घाव बसला तो तिच्या अंगठ्यावर. दुसऱ्यानं दगडाची थोडी पूड उडाली. तिसऱ्या घावाला टेंगूळ मुळापासून सुटलं आणि पेंढ्यात जाऊन पडलं. टोपीचा माथा साफ झाला. थोडा खडबडीत राहिला, पण त्यावर आता कुणाच्या बापाला क्रूस कोरता आला नसता.

वाल्पुर्गाला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं हसली. अंगठा सुजत होता, केसांत पांढरी धूळ होती, आणि चोपन्नाव्या वर्षी तिनं पहिल्यांदा या घरात काहीतरी असं केलं होतं जे कुणाला दुरुस्त करता येणार नव्हतं.

"सरकार येतायत," उर्सेल दारातून म्हणाली. "बाल्टझार पण आहे बरोबर."

"येऊ देत."

ड्यूक दोन काठ्यांवर रेटत आत आले. त्यांनी तिच्या हातातला हातोडा बघितला, दगड बघितला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "काय केलंस हे?"

"तुमच्या मुलीला जिवंत केलं," वाल्पुर्गा म्हणाली. "आता दुसरा दगड आणा, आणखी दोन वर्षं थांबा, नाहीतर हाच लावा. काय करायचं ते करा."

बाल्टझार वाकून दगड बघत होता. त्यानं एकदा दगडाकडे, एकदा डचेसकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाईसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही कुठून मोजलंत?"

"कुठून म्हणजे? माझ्यापासून."

"थोरली तुमच्याजवळ धरून?"

"मग आणखी कशी धरणार?"

"आमच्याकडे, फ्रँकोनियात, धाकटं लेकरू आईला बिलगून बसवतात. थोरली टोकाला. मी तसंच केलंय."  पुढचं बोलायची त्याची इच्छा नव्हती. "युडिथबाईंचा गोळा जागेवर आहे. त्या तुमच्यापासून चौथ्या. तिसऱ्या आहेत त्या रेगिनाबाई."

 वाल्पुर्गाच्या हातातला हातोडा एकदम जड झाला.

रेगिना एकोणीस दिवस जगली होती. युडिथनंतरची, अशक्त, निळसर ओठांची. ती दाईजवळ राहत नसे, आईजवळही नाही. फक्त बापाच्या हातावर गप्प व्हायची. ड्यूक तेव्हा तरुण होते, पाय शाबूत होते, आणि ते एकोणीस दिवस त्यांनी शिकार सोडली, दरबार सोडला आणि त्या लांब, गार ओवरीत तिला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. पाय तेव्हाच धरले असं ते पुढं म्हणत. पेटी त्यांनी स्वतः उचलून नेली होती, पावाच्या टोपलीएवढी होती ती.

आणि त्या पोरीचा क्रूस तिच्या आईनं हातोड्यानं उडवला होता.  काही धड होत नाही आपल्या हातून. बोलायचं तेव्हा बोललो नाही, आणि केलं तेव्हा हे असं केलं.

"काळजी करू नका," बाल्टझार घाईघाईनं म्हणाला. "मी क्रूस वेगळा कोरतो आणि चिकटवतो. जरा चांगला डिंक वापरला तर..."

"हात लावू नकोस," ड्यूक म्हणाले.

"पण सरकार, त्या तर वारल्या आहेत ना? क्रूस नसला तर लोक..."

"ती कुठं आहे ते मला माहीत आहे. मीच ठेवून आलो तिला." ड्यूकनी एक काठी भिंतीला टेकवली आणि मोकळ्या हातानं दगडातल्या त्या टोपीचा खडबडीत माथा चाचपला. बराच वेळ चाचपत राहिले. "असू दे असंच. बरी दिसते."

वाल्पुर्गा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला असा राग आला की अंगठ्याची कळसुद्धा जाणवेना.

"वा," ती म्हणाली. "हिला जाऊन तीस वर्षं झाली. हिच्या डोक्यावर क्रूस तुम्हाला बघवत नाही. आणि जी खाली वेशीजवळ बसून तुमच्या पायाला झोंबू नये म्हणून कापूर कमी घालते, तिच्या डोक्यावर बघवतो. कशी छाती आहे हो तुमची? आतून काय भरलंय तिच्यात, एकदा मला सांगा तरी. तेव्हा मी बोलले नाही, चुकले. घोडचूक केली. शंभरदा म्हणते चुकले. आता बोलतेय तर ऐका."

 ड्यूकचा हात अजून दगडावर होता. तो हात तिसऱ्या टोपीवरून सरकून चौथ्या टोपीवर गेला, तिथल्या टेंगळावर थांबला.

"कापूर कमी घातला म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो. मागच्या खेपेला झोंबलं असेल म्हणाली."

"झोंबलं होतं." ड्यूकनी टेंगळावरून अंगठा फिरवला. "मी कुणाला बोललो नव्हतो."

"तुम्ही बोलत नाही म्हणूनच तिला ओळखावं लागतं."

ड्यूकनी छिन्नीसाठी हात पुढं केला. बाल्टझार म्हणाला, सरकार, मी करतो, पण त्यांनी मान हलवली. सांधे सुजलेल्या बोटांनी त्यांनी छिन्नी टेंगळाच्या मुळाशी धरली. 

"मार," ते बायकोला म्हणाले.

"नीट धरा आधी. हात हलतोय तुमचा. नाक जाईल."

"गेलं तर गेलं नाक."

तिनं घाव घातला. टेंगूळ एका घावात सुटलं. छिन्नी घसरली आणि खरोखरच नाकाचं टोक घेऊन गेली. बाल्टझारच्या तोंडून एक आवाज निघाला, दोन वर्षं मेहनत केलेल्या माणसाच्या तोंडून निघतो तसा.

"चिकटवतो मी," तो म्हणाला.

"काहीही चिकटवू नकोस," नवराबायको एकदमच म्हणाले.

सेंट मायकेलच्या दिवशी दगड चर्चच्या भिंतीत चढला. तीन क्रूस होते. पाद्रींनी दोनदा मोजले, आपल्या नोंदवहीत चार आहेत हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी बाल्टझारकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्यानं नजर फिरवली. चूक शिल्पकाराची असं गावात ठरलं आणि पुढं कायम तसंच सांगितलं गेलं. खाली अकरा नावं फार बारीक अक्षरांत होती. बाकांवरून कुणाला ती वाचता येत नव्हती.

युडिथ आली होती. उर्सेलकरवी वाल्पुर्गानं एवढंच कळवलं होतं की दुसऱ्या गावाला जाऊ नकोस. ती मागच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसली होती, मांडीवर धाकटा, दोन्ही अंगांना दोघी पोरी. किल्ल्याकडच्या माणसांकडे ती बघत नव्हती. वाल्पुर्गा ड्यूकशेजारी पुढं, राजघराण्याच्या कठडा घातलेल्या बाकावर बसली होती, तिला मान वळवून बघता येत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. सण आला, दगड चढला, टेंगूळ उडालं, पण या माणसानं अजून त्या पोरीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. दार उघडा असंही कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं कालच विचारलं तर म्हणाले, बघू. त्या बघूवर तिनं सुपाची वाटी आपटली होती.

पाद्रींचं प्रवचन सोशिक पत्नीवर आलं तेव्हा मागून लेनाचा आवाज आला, सहा वर्षांच्या पोरांचा असतो तसा, साऱ्या चर्चला ऐकू जाईल असा. "आई, यातली तू कुठली?"

"श्श," युडिथ म्हणाली.

"पण सगळ्या सारख्याच आहेत. तू कुठली?"

लोकांच्या माना वळल्या. पाद्री वाचायचे थांबले. ड्यूक योआखिम कठड्याला धरून उठले, एका काठीवर भार देऊन उभे राहिले, आणि दुसरी काठी उचलून त्यांनी दगडाकडे दाखवलं.

"नाक तुटलंय ती," ते म्हणाले. "ती युडिथ."

मग ते परत बसले, पाय दुखला म्हणून कण्हले, आणि पाद्रींना पुढं वाचा अशी खूण केली. हळू बोलता येत नाही का, प्रवचन चाललंय, असं म्हणायला वाल्पुर्गानं तोंड उघडलं, पण ते न म्हणताच तिनं मान वळवून मागच्या बाकाकडे बघितलं.